ताई, राजीनामा देण्याआधी भावाला हे वाचून दाखवा

ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. काल दिवसभर लेथवर उभा होतो, पण डोक्यात तीच होती. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भोसरी सोडून धुळ्याला परत आलो आणि अवधान एमआयडीसीत स्वतःचं वर्कशॉप टाकलं, यावर मी मागे एक लेख लिहिला होता. त्यात घरभाड्याचा हिशेब मांडला होता आणि शेवटी 'या, आपलं गाव वाट बघतंय' असं म्हटलं होतं. ताईंचा धाकटा भाऊ चाकणला ठेकेदाराकडून सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, सेटर-ऑपरेटर आहे. त्याची बायको तिकडेच एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, मुलगा तीन वर्षांचा. माझा लेख वाचून तो नोकरी सोडून यायला निघालाय. ताई देवपुरात राहतात. त्यांनी लिहिलंय: "तुम्ही वाचलेलं भाडं मोजलं, गेलेला पगार मोजला नाही. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, ते लिहिलं नाही. तुमच्या मिसेसने काय सोडलं, त्याची एक ओळ नाही. या शहरात काही उरलेलं नाही. कुणाच्या संसाराशी असं खेळू नका."

यातलं बहुतेक सगळं मला मान्य आहे. एका वाक्यावर मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

आधी बायकोचं सांगतो, कारण तेच सगळ्यात जास्त लागलं. चाकणला ती क्वालिटीत होती. सीएमएम मशीनवर पार्टची मापं घ्यायची आणि रिपोर्टवर सही करायची. तिची सही झाल्याशिवाय लॉट गेटबाहेर जात नसे. इकडे आल्यावर तिने पाच महिने काम शोधलं. अवधान पालथं घातलं, नरडाण्याला जाऊन आली, जळगावला दोन ठिकाणी अर्ज दिले. एका ठिकाणी साहेबांनी विचारलं, "ऑफिसात बसून चलनं लिहाल का?" आज ती माझ्या वर्कशॉपची बिलं, जीएसटी, उधारीची वसुली असं सगळं बघते. लेखात मी त्याला 'घरच्यांचा हातभार' म्हटलं होतं. तो हातभार नाही. ती पूर्ण दिवसाची नोकरी आहे आणि तिला तिचा पगार मिळत नाही. भाड्यात आमचे महिन्याला ६,००० रुपये वाचले आणि तिचे २२,००० गेले. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहायला हवे होते, मी एकच लिहिला. तुमची प्रतिक्रिया तिला वाचून दाखवली, तर म्हणाली, "हे तुम्ही मला विचारायला पाहिजे होतं, लिहायच्या आधी."

पाण्याचंही तुमचं खरं आहे. आमच्याकडे कधी चौथ्या दिवशी येतं, कधी आठव्या. गच्चीवर दोन टाक्या आहेत, उन्हाळ्यात वर टँकर. भाड्याचं घर बघताना खोल्या मोजण्याआधी टाकी बघायची, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. मला ते लिहायचं सुचलं नाही, कारण मी इथलाच आहे. बाहेरून येणाऱ्याला ते सांगायला हवं होतं.

आता भांडणाचं वाक्य. "या शहरात काही उरलेलं नाही."

गेल्या डिसेंबरात एका रात्री साडेदहाला एका जिनवाल्यांचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या मालकांचा, फोन आला. कापूस पुढे नेणाऱ्या कन्व्हेअरची शाफ्ट गेली होती. बेअरिंग जाम झालं आणि शाफ्टवरच फिरत राहिलं. बेअरिंग बसतं ती ४५ मिलिमीटरची जागा खाऊन खाऊन ४४ च्याही खाली आली होती. तो एक कन्व्हेअर थांबला की पुढचे सगळे जिन थांबतात. शाफ्ट छोट्या हत्तीत टाकून ते माझ्याकडे आले. झिजलेल्या जागी वेल्डिंगचा भराव चढवायचा होता, आणि तो एकाच बाजूने चढवला तर तापून शाफ्ट वाकते. म्हणून एक ओळ या अंगाने, दुसरी बरोबर समोरच्या अंगाने, असं फिरवत फिरवत भरलं. मग लेथवर चढवली, डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना शाफ्ट किती डुलते ते, बघितला आणि हळूहळू उतरवत आणली. शेवटची पन्नास-साठ मायक्रॉन तर श्वास रोखूनच घेतली. मायक्रोमीटरवर ४५.०१ आलं तेव्हा पावणेतीन वाजले होते. बसवायला त्यांच्यासोबत जिनवर गेलो. गेटबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती आणि शेतकरी ट्रॉलीखाली चादर टाकून पडले होते. एक म्हातारे बाबा उठून बसले आणि म्हणाले, "व्हयनं का भाऊ?" मी म्हटलं, झालं. पंधरा मिनिटांत कन्व्हेअर फिरायला लागला.

त्या शाफ्टचं ड्रॉइंग नव्हतं. ती कुठल्या कंपनीची, तेही कुणाला माहीत नव्हतं. असं काम या शहरात भरपूर आहे, ताई. जिनिंग आहेत, तेलाच्या मिल आहेत, पॉवरलूम आहेत. मुंबई–आग्रा, सुरत–नागपूर आणि सोलापूरकडे जाणारा, असे तीन महामार्ग इथे एकत्र येतात. त्यांच्यावरचे ट्रक मोडतात, ट्रेलर मोडतात. नवीन वस्तू बनवणारे कारखाने थोडे आहेत, हे खरं. पण जुनं चालू ठेवणाऱ्या हाताला इथे काम कमी पडत नाही. लेखात हा फरक मी केलाच नाही. सरळ 'काम आहे' असं लिहून मोकळा झालो, आणि तुमच्या भावाने त्याचा अर्थ 'नोकरी आहे' असा घेतला. चूक त्याची नाही.

त्याचं काम मी ओळखतो, मी तेच करायचो. सीएनसीचा सेटर एकच पार्ट हजारांनी काढतो. मशीनला मापाची दुरुस्ती देतो, इन्सर्ट म्हणजे कापणारं पातं बदलतो, पहिला पीस पास करून घेतो आणि शिफ्ट चालवतो. ते कसबाचंच काम आहे, पण त्याला पैसे देणारी मशीनं चाकणला रांगेने उभी आहेत, धुळ्यात मोजकी. तिकडे एका कंपनीने 'उद्यापासून येऊ नको' म्हटलं तर महिन्याभरात दुसरी मिळते. इथे गेली तर? भावाला हा एक प्रश्न विचारा. पहिली नोकरी ओळखीपाळखीने मिळूनही जाईल. ती सहा महिन्यांनी सुटली तर दुसरी कुठे, त्या कंपनीचं नाव आज सांगता येतंय का? ते सांगता येत नसेल तर त्याने नोकरीसाठी धुळ्याला येऊ नये. माझं हे मत पक्कं आहे.

आणि स्वतःचं वर्कशॉप टाकायचं म्हणत असेल, तर मशीनच्या किमतीखेरीज काय लागतं तेही ऐकून ठेवावं. भोसरीत हवा तो इन्सर्ट गल्लीच्या टोकाला मिळायचा. पार्ट तापवून कडक करून देणारा हार्डनिंगवाला पुढच्या शेडमध्ये, ग्राइंडिंगवाला त्याच्या पलीकडे. इथे नेहमीचे इन्सर्ट मिळतात, जरा वेगळा लागला की ट्रॅव्हल्सच्या पार्सलची वाट बघत बसायचं. हार्डनिंगला जॉब नाशिकला अंबडला पाठवतो, तो तिसऱ्या दिवशी परत येतो. उद्योगाची वाट लागते म्हणजे फक्त मोठा कारखाना बंद पडतो असं नाही. त्याच्या आजूबाजूची ही छोटी छोटी दुकानं आधी उठतात, आणि मग नवीन येणाऱ्याला सगळं लांबून आणावं लागतं.

पैशाचंही तसंच. मागच्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाने माझं बिल सात महिने अडकवलं. नाव घेत नाही. २००६ चा एमएसएमई कायदा म्हणतो की आमच्यासारख्यांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रारीला सरकारी पोर्टलही आहे. भोसरीत असतो तर तक्रार केली असती, कारण तिथे गिऱ्हाइकं दहा. इथे निम्मं काम त्या एकाचंच होतं. सात महिने मी गप्प बसलो आणि बायकोचे दागिने बँकेत ठेवून कामावरच्या दोन पोरांचे पगार केले. हेही लेखात यायला हवं होतं.

तुमच्या प्रतिक्रियेखाली एका वाचकाने लिहिलंय की रेल्वे येऊ द्या, मग धुळं बदलेल, म्हणून आत्ताच आलेलं बरं. त्यांनाही इथेच सांगतो. आज धुळ्याची रेल्वे म्हणजे चाळीसगावचा फाटा. फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळे–नरडाणा मार्गाचं भूमिपूजन झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळाने मनमाड–इंदूर हा ३०९ किलोमीटरचा पूर्ण मार्ग मंजूर केला, खर्च १८,०३६ कोटी, मुदत २०२८–२९. तो मार्ग व्हावा म्हणून माझ्या वडिलांची पिढी निवेदनं देत आली आणि तो व्हावा असं मलाही मनापासून वाटतं. पण तीन वर्षांच्या पोराला शाळेत घालायचंय ते पुढच्या वर्षी. मंजूर झालेल्या रेल्वेच्या भरवशावर आजची नोकरी सोडता येत नाही.

एक गोष्ट घरातली. आजोबा खान्देशातल्याच एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद पडली तेव्हा काका सुरतेला गेले. उधना, लिंबायत भागात आजही गल्लीच्या गल्ली आपल्या लोकांची आहे, आठवडी बाजारात अहिराणी ऐकू येते. वडील इथेच राहिले. लहानपणी मला वाटायचं की काका गाव सोडून गेले आणि वडिलांनी गाव राखलं. मोठा झाल्यावर आजी एकदा म्हणाली की त्या चार वर्षांत घरात ज्वारी यायची ती काकांच्या मनिऑर्डरवर. म्हणून 'गाव वाट बघतंय' हे माझं वाक्य मी मागे घेतो. गाव कुणाची वाट बघत नाही. आई-वडील बघतात. तुमच्या भावाला त्यांच्यासाठी यायचं असेल तर ते कारण पुरेसं आहे, पण मग त्याने तसंच म्हणावं, माझ्या भाड्याच्या हिशेबावर ते ढकलू नये.

आता मला काय सुचतं ते सांगतो. त्याने राजीनामा आत्ता देऊ नये. आधी त्याच्या बायकोने इथल्या हॉस्पिटलांत चौकशी करावी. आजूबाजूच्या तालुक्यांतले पेशंट धुळ्यालाच येतात, त्यामुळे नर्सला काम मिळण्याची आशा त्याच्यापेक्षा तिला जास्त आहे. पण पगार किती, रात्रपाळ्या किती, हे तोंडी नको, हातात पत्र हवं. तिचा आकडा कळल्याशिवाय पुढचा हिशेब मांडूच नये. दुसरं, पीएफ मोडून मशीन घेऊ नये आणि घर विकत घेण्याचा विचार दोन वर्षं करू नये. तिसरं, त्याने एक आठवडा माझ्याकडे यावं. दिवाळीनंतर, जिनिंगचा सीझन भरात असताना. जेवढे दिवस काम करेल तेवढी हजेरी मी देईन. ड्रॉइंग नसलेला मोडका पार्ट हातात घेऊन तो काय करतो, ते त्याचं त्यालाच कळेल. जमलं आणि आवडलं, तर पुढच्या सीझनसाठी मलाच एक माणूस हवाय. तेव्हा पगाराचं नीट बोलू, कागदावर.

जुना लेख मी काढून टाकत नाही. त्याच्या डोक्यावर तुमची प्रतिक्रिया पूर्ण लावतो आणि खाली बायकोच्या पगाराचा आकडा घालतो. तिने होकार दिलाय.

भाऊ येईल तेव्हा त्याच्या बायकोलाही सोबत आणा, ताई. ती आणि माझी बायको घरी बसून बोलतील. भाऊ आणि मी तेवढा वेळ वर्कशॉपवर थांबू.