रूनी लेजंड नाही म्हणणाऱ्यांनी आधी डेनिस लॉचं काय झालं ते बघा

वेन रूनीबद्दलचा तो मेसेज आता जवळपास प्रत्येक फुटबॉल ग्रुपवर येऊन गेलाय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. म्हणणं असं की रूनी ग्रेट प्लेअर होता पण मँचेस्टर युनायटेडचा लेजंड नाही. का, तर २५३ गोल हे निव्वळ जास्त वर्षं खेळल्यामुळे झाले, चांगल्या काळातली टीम खरं तर रोनाल्डोची होती, हा माणूस दोनदा क्लब सोडायला निघाला, अठ्ठाविशीनंतर संपला तरी आठवड्याला ३ लाख पौंड घेत राहिला, आणि शेवटी मनाने तो एव्हर्टनचाच. खाली लोकांचे अंगठे आणि "एकदम बरोबर" चालू आहे. मला यातलं जवळपास काहीच पटत नाही आणि का पटत नाही ते एकेक करून लिहितो, जरा मोठं होईल.

आधी गोल, कारण तिथे वाद फार वेळ टिकत नाही. रूनीच्या आधी युनायटेडचा रेकॉर्ड होता सर बॉबी चार्ल्टन यांचा, २४९ गोल, ७५८ मॅचमध्ये. रूनीचे २५३ गोल ५५९ मॅचमध्ये. म्हणजे जवळजवळ २०० मॅच कमी खेळून तो पुढे गेला, मग "जास्त वर्षं खेळला म्हणून" हे कुठून आलं? चार्ल्टन १९५६ पासून १९७३ पर्यंत खेळले, रूनी २००४ ते २०१७. हां, चार्ल्टन बराच काळ विंगवर आणि मिडफिल्डमध्ये खेळले हे मान्य, त्यांची थोरवी नुसत्या गोलांनी मोजायची नाहीच, पण मग तोच हिशोब रूनीलाही लावा ना, तोही कुठे कायम स्ट्रायकर म्हणून खेळला. गोलची सरासरी बघायची तर युनायटेडचा साठच्या दशकातला स्ट्रायकर डेनिस लॉ दोघांच्याही पुढे आहे, ४०४ मॅचमध्ये २३७, ते सरळ मान्य आहे. लॉचं नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आणि हा काही हळूहळू गोल साठवत गेलेला माणूस नव्हता. सप्टेंबर २००४ मध्ये १८ वर्षांचा पोरगा क्लबकडून पहिल्यांदा उतरतो तो थेट चॅम्पियन्स लीगमध्ये, फेनरबाचेविरुद्ध, आणि हॅटट्रिक मारतो, तिसरा गोल फ्री किकवर. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि ज्यांनी जागून ती मॅच बघितली ते अजून त्याबद्दल बोलतात.

आता रोनाल्डोचा मुद्दा. २००७-०८ मध्ये रोनाल्डोने ४२ गोल मारले, त्या वर्षी तो जगात सगळ्यात भारी होता, यावर कोणाशी भांडायचं कारणच नाही. पण त्याच्या आदल्या सीझनला, म्हणजे २००६-०७ ला, जेव्हा चार वर्षांनी लीग परत आली, तेव्हा दोघांचेही सगळ्या स्पर्धा मिळून २३-२३ गोल होते. हे कोणी सांगत नाही. आणि पुढे रोनाल्डोला डिफेन्सच्या कामातून मोकळं ठेवायचं ठरलं की डावीकडे जाऊन आपल्या फुलबॅकला मदत करायला, समोरच्याच्या मागे धावायला मॅनेजर फर्ग्युसन कोणाला पाठवायचे? रूनीला. मोठ्या युरोपियन मॅचेसमध्ये हे कितीदा झालं. मे २००९ ची आर्सेनलविरुद्धची सेमीफायनल परत बघा, त्यांच्या एमिरेट्स स्टेडियमवरची. तिसरा गोल बघा. आर्सेनलचा अटॅक तुटतो, आपल्याच बॉक्सजवळून रोनाल्डो टाचेने बॉल आपल्या पार्क जी-सुंगला देतो, पार्क डावीकडे रूनीला, आणि रूनी मान वर करून एकदा बघतो, स्वतः आत घुसायची हौस न करता बॉल असा काही आडवा सोडतो की पळत आलेल्या रोनाल्डोला पाऊलसुद्धा बदलावं लागत नाही. बारा-तेरा सेकंदांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. क्लिपखाली नाव रोनाल्डोचं असतं, ठीक आहे, गोल त्याचाच आहे. पण २३ वर्षांचा इंग्लंडचा नंबर एक स्ट्रायकर क्लबसाठी विंगवर राबत होता आणि त्याने त्यावर तोंड वाकडं केलं नाही, याला काहीच किंमत नाही का?

बरं, रोनाल्डो गेला २००९ ला, ८० कोटी नव्हे हो, ८० मिलियन पौंडांना, दुसरा स्ट्रायकर तेवेझ गेला शेजारच्या मँचेस्टर सिटीत. त्यांच्या जागी आले व्हॅलेन्सिया, ओबर्टान आणि फ्रीमध्ये आलेला मायकल ओवेन. टीम रोनाल्डोचीच असती तर त्या सीझनला कोसळायला हवी होती. रूनीने ३४ गोल मारले, त्यातले २६ लीगमध्ये, खेळाडूंनीच मत देऊन त्याला वर्षाचा बेस्ट प्लेअर ठरवलं. एसी मिलानला घरी आणि बाहेर मिळून चार गोल. मग मार्चअखेर म्युनिकमध्ये बायर्नविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला गोल आणि अगदी शेवटी घोटा मुरगळला. तो नसताना चेल्सीविरुद्धची घरची मॅच हरलो, आणि लीग गेली एका पॉइंटने, ८६ आणि ८५. बायर्नच्या दुसऱ्या मॅचला तो अर्धवट बरा झालेला घोटा घेऊन उतरला होता. एका माणसाच्या घोट्यावर सगळा सीझन लटकला होता हे ज्यांनी ते वर्ष बघितलंय त्यांना सांगावं लागत नाही.

आता मेसेजमधला सगळ्यात जोरदार मुद्दा, ज्यावर लोक खरंच चिडतात. ऑक्टोबर २०१०. रूनीने जाहीर निवेदन काढलं की टीम पुढे मजबूत होईल याची खात्री क्लबकडून मिळत नाही म्हणून नवीन कॉन्ट्रॅक्ट नको, आणि चर्चा काय तर सिटीला जाणार. दोन दिवसांनी पाच वर्षांचं नवीन कॉन्ट्रॅक्ट सही. फॅन भडकले, आणि भडकणं बरोबर होतं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर ज्यांनी तालमींच्या मॅचेस बघितल्यात त्यांना माहितीये, आपला प्लेअर समोरच्या पेठेकडून खेळणार अशी नुसती कुजबुज झाली तरी काय होतं. ते निवेदन तसं बाहेर काढणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

पण तो बोलला काय ते तरी बघा. त्याच वर्षी युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमवर हजारो लोक हिरवे-पिवळे स्कार्फ घालून येत होते, मालक ग्लेझरांनी क्लबवर चढवलेल्या कर्जाविरुद्ध, टीमवर पैसा का लागत नाही म्हणून. रूनीची तक्रार तीच होती. स्टँडमधला माणूस बोलला तर क्लबवरचं प्रेम आणि ड्रेसिंग रूममधला बोलला तर गद्दारी, हे कसं काय? पुढच्या दहा-बारा वर्षांत युनायटेडचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्याची भीती खोटी नव्हती.

आणि राहिला तर काय केलं? निवेदनानंतर चारच महिन्यांत, १२ फेब्रुवारी २०११, शनिवारी आपल्याकडे संध्याकाळी सव्वासहाला लागलेली सिटीविरुद्धची मॅच, १-१, आपल्या विंगर नानीचा क्रॉस कोणाला तरी लागून उडाला आणि थोडा मागे पडला, रूनी गोलकडे पाठ करून हवेत, बॉल वरच्या कोपऱ्यात, सिटीचा गोलकीपर जो हार्ट जागचा हललासुद्धा नाही. ज्या क्लबकडे हा पळून जाणार म्हणून बोंब होती त्याच क्लबविरुद्ध. मग मे महिन्यात ब्लॅकबर्नविरुद्ध टायटलसाठी आपल्याला एक पॉइंट हवा होता, ०-१ मागे होतो, पेनल्टी मिळाली, मारली कोणी, रूनीने. १-१, एकोणिसावं लीग टायटल, लिव्हरपूलच्या १८ च्या पुढे. आपल्यातल्या कितीतरी जणांनी आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते टायटल ज्या किकवर आलं ती मारणाऱ्याला लेजंड म्हणायचं नाही?

दुसरी वेळ २०१३ ची. फर्ग्युसननी शेवटच्या घरच्या मॅचनंतर सांगितलं की रूनीने ट्रान्स्फर मागितली, रूनी म्हणतो मी तसं मागितलंच नाही. दोघांमधलं दोघांना माहीत. कागदावर जे आहे ते इतकंच की रियल माद्रिदविरुद्ध त्याला बाहेर बसवलं, चेल्सीने ऑफर दिल्या, क्लबने नाकारल्या, तो राहिला. आणि त्याच सीझनमध्ये विसावं टायटल ज्या मॅचला पक्कं झालं, ॲस्टन व्हिलाविरुद्ध, त्यातली व्हॅन पर्सीची व्हॉली सगळ्यांच्या लक्षात आहे, पण स्वतःच्या हाफमधून तो लांब बॉल बरोब्बर त्याच्या खांद्यावरून पुढ्यात टाकला कोणी ते कोणी विचारत नाही.

आता येऊ डेनिस लॉकडे. "लेजंड कधी क्लबला वेठीला धरत नाही" असं वाक्य आहे मेसेजमध्ये. १९६६ मध्ये लॉने तेव्हाचे मॅनेजर मॅट बस्बींकडे पगारवाढ मागितली, नाही दिली तर जातो म्हणाला, बस्बींनी त्याला सरळ ट्रान्स्फर लिस्टवर टाकलं, शेवटी लॉने माफी मागितली आणि प्रकरण मिटलं. हे एक. दुसरं, लॉ युनायटेडला यायच्या आधी सिटीकडून खेळला होता आणि १९७३ मध्ये परत सिटीलाच गेला, आणि एप्रिल १९७४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर सिटीच्या शर्टात युनायटेडविरुद्ध टाचेने गोल मारला, ज्या सीझनला युनायटेड खालच्या डिव्हिजनमध्ये गेली त्याच सीझनला. त्या गोलमुळेच गेली असं नाही, बाकीचे निकाल बघता ती जाणारच होती, आणि लॉला त्या गोलचा काडीचाही आनंद झाला नव्हता हे चेहऱ्यावर दिसत होतं. तरी विचार करा, आज कोणी असं केलं तर मोबाइलवर काय काय फिरेल. आणि लॉचं आज काय स्थान आहे? जॉर्ज बेस्ट आणि चार्ल्टन यांच्याबरोबर स्टेडियमसमोर पुतळा आहे त्याचा, आणि असायलाच पाहिजे. ट्रेबल, म्हणजे एकाच सीझनला तीन मोठे कप, जिंकून देणाऱ्या कॅप्टन रॉय कीनचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबर १९९९ पर्यंत पैशावरून अडलं होतं. त्याच टीमचा गोलकीपर पीटर श्मायकल पुढे सिटीकडून एक सीझन खेळून गेला. कोणी त्यांची नावं कापत नाही. एकट्या रूनीसाठी वेगळी फूटपट्टी का?

"२८ नंतर संपला" हे अर्धं खरं आहे. त्याचा वेग कमी झाला, शेवटच्या वर्षी तो बेंचवर होता, दिसत होतं. पण २०१३-१४ मध्ये, फर्ग्युसननंतर आलेला मॅनेजर मोयेसच्या सातव्या नंबरवर आलेल्या टीममध्ये लीगमध्येच १७ गोल त्याचे होते. पगार क्लबने स्वतःहून दिला, त्याने चोरला नाही. आणि २०१६ ची एफए कप फायनल कोणी विसरू नका. क्रिस्टल पॅलेसने ७८ व्या मिनिटाला गोल मारला, आपण ०-१. तेव्हा रूनी मिडफिल्डमध्ये खेळत होता, पाय जड झालेले. बॉल घेतला आणि निघाला, एक गेला, दुसरा गेला, तिरका घुसत चार-पाच जणांच्या गराड्यातून बाजूला निघून त्याने क्रॉस टाकला, फेलायनीने छातीने खाली घेतला, माटाने मारला. तीन मिनिटांत १-१. एक्स्ट्रा टाइममध्ये दहा जणांनी खेळून लिंगार्डच्या गोलवर जिंकलो. फर्ग्युसननंतरचा पहिला मोठा कप, बारा वर्षांनी एफए कप, आणि त्यात कॅप्टन पूर्ण १२० मिनिटं पळत होता. संपलेला माणूस म्हणे.

राहता राहिलं एव्हर्टन. हो, तो लहानपणापासून एव्हर्टनचा फॅन, तिथल्याच अकॅडमीतून आलेला, २०१७ ला परत तिथेच गेला. मग? मध्ये जी १३ वर्षं आहेत ती बघा. २८ एप्रिल २००७, एव्हर्टनचं स्टेडियम गुडिसन पार्क, लीगची रेस अटीतटीची, युनायटेड ०-२ ने मागे. २-२ झालं. मग ७९ व्या मिनिटाला ज्या स्टेडियममध्ये तो वाढला तिथे, त्याच्यावर ओरडणाऱ्या त्याच्याच गावच्या लोकांसमोर रूनीने ३-२ केलं. त्याच दिवशी चेल्सी बोल्टनशी २-२ ने अडकली आणि लीग जवळजवळ आपल्याकडे आली. पुढच्या वर्षी ऑक्टोबर २००८ मध्ये परत गुडिसनला, सगळं स्टेडियम शिव्या देतंय, आणि हा त्यांच्याकडे बघून युनायटेडच्या बॅजला ओठ लावतो, इतकं तापलं की फर्ग्युसननी त्याला बाहेरच काढलं. एव्हर्टनवाल्यांना तेव्हा कळलं होतं तो कोणाचा आहे ते, आपल्यालाच अजून शंका आहे.