‘काळ्या रानात हुमणीची बुरशी जगत नाही’ म्हणे!

उसाच्या तीन ग्रुपांवर, मुळं खाणाऱ्या हुमणी अळीबद्दल, एकच मेसेज फिरून आला: ‘हुमणी मारणारी बुरशी फक्त तांबड्या मातीत असते. काळ्या रानात ती सडते. रासायनिक खतांनी उरलीसुरलीही संपली. आमचं पाकीट टाका, आठ दिवसांत हुमणी साफ.’ खाली अर्थातच मोबाईल नंबर.

आधी मातीचं बघू. मेटारायझियम म्हणजे हुमणी मारणारी हीच बुरशी. तिचा किडीवर पहिला नावाजलेला प्रयोग मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १८७९ च्या सुमारास युक्रेनमधल्या ओडेसाकडे केला, गव्हावरच्या भुंगेऱ्यावर. हा भुंगेरा आपल्या हुमणीच्याच भावकीतला, आणि तो मुलूख काळ्या मातीचा! तिकडची काळी आणि आपली काळी एक नव्हे, हे मान्य. पण ‘काळी म्हणजे सडणार’ हे कुठून आलं? उलट चिकण मातीचे कण बीजाणूंना (बुरशीच्या बारीक बियांना) धरून ठेवतात. रेताड जमिनीत ते पाण्याबरोबर खाली निसटतात. फरक पडतो तो कोणती बुरशी जास्त, यात. काही देशांतल्या पाहण्यांत नांगरटीच्या रानात मेटारायझियम जास्त सापडली, तर जंगलात आणि झाडाझुडपांच्या बांधावर बिव्हेरिया ही दुसरी कीड मारणारी बुरशी. म्हणजे राधानगरीचं जंगल आणि शिरोळची मळी (नदीकाठची गाळाची जमीन) यांत तफावत असेलही, पण मळी रिकामी असेल असं कुणी म्हणू नये. शिवाय मेटारायझियमच्या काही जाती पिकांच्या मुळांभोवतीही टिकून राहतात.

खतांचं अर्धसत्य आहे. बुरशीला खरा धोका बुरशीनाशकाच्या आळवणीचा आणि कडक उन्हाचा. मेसेजवाल्याने खत आणि बुरशीनाशक एकाच पोत्यात भरलंय.

आठ दिवसांचं तर सोडूनच द्या. बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, ओल मिळाली की रुजतो, कातडी भेदून आत शिरतो आणि रक्तात वाढतो. अळीने तो खावा लागत नाही. पोसलेल्या अळीला हे सगळं व्हायला आठवडे लागू शकतात. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला, अळ्या बारीक असतानाच, ओलीवर ही बुरशी शेणखतातून द्यायची. नदीकाठच्या हुमणीचे भुंगेरे माळावरच्यांसारखे कडुनिंब-बाभळीवर चरायला येत नाहीत, तेव्हा झाडं हलवून ते फारसे हाती लागत नाहीत. तिथे मातीतला हा मार्ग जास्त मोलाचा.

आपल्या रानात बुरशी आहे का, हे नंबर न फिरवताही बघता येतं. खोडव्याच्या (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाच्या) बुडातली ओलसर माती बरणीत भरा, मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यातल्या मेणकिड्याच्या चार-पाच अळ्या सोडा, झाकणाला बारीक भोकं पाडा आणि सावलीत ठेवा. सुरुवातीचे काही दिवस बरणी रोज उलटी-सुलटी करा. दोनेक आठवड्यांत अळी कडक होऊन आधी पांढरी, मग हिरवी झाली तर बहुधा मेटारायझियम. पांढरीच राहिली तर बिव्हेरिया असू शकते. काळी, लिबलिबीत होऊन घाण वास मारू लागली तर ते जिवाणूंचं काम. एका बरणीत काही दिसलं नाही तर रानात दुसरीकडची माती घ्या. बुरशी सगळीकडे सारखी पसरलेली नसते. मेसेज पाठवणाऱ्या पाव्हण्यांनीही एक बरणी भरावी, काळ्या रानातली.