होतकरू विद्वानांसाठी

पुतण्याच्या लॉ कॉलेजात परवा प्राध्यापकांच्या संशोधनाचा गौरव झाला. शाल, श्रीफळ आणि अडीच तास भाषणं. (शाल तीच फिरत होती, असा मला तिसऱ्या रांगेतून संशय आला.) विद्वान होणं एवढं सोपं असतं हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्हाला सांगून ठेवतो.

विषय शोधत बसू नका. 1 जुलै 2024 पासून जुन्या आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आणून सरकारनंच कलमांचे आकडे बदलायची सोय केलीय. खुनाचं 302 खोडा, 103 लिहा. फसवणुकीचं 420 खोडा, 318 लिहा. झाला तुलनात्मक अभ्यास!

युजीसीची केअर यादी, म्हणजे कुठल्या नियतकालिकात छापलेलं संशोधन चालेल त्याची यादी, फेब्रुवारी 2025 मध्येच गेली. आता कुठंही छापा, पैसे तेवढे वेळेवर भरा.

परिषद आंतरराष्ट्रीयच हवी. परदेशातला एक जण पाच मिनिटं ऑनलाइन दिसला तरी भागतं.

तास सीएचबीवाले, म्हणजे तासांच्या हिशोबानं पैसे मिळणारे, घेतील.

आणि हेही जमत नसेल, तर पोरांचे प्रोजेक्ट असतातच. आमच्या पोरानं, म्हणजे याच पुतण्यानं, मदतमाश जमिनींवर, म्हणजे निजामाच्या काळात चरितार्थासाठी इनाम मिळालेल्या जमिनींवर, केलं होतं. मराठवाड्यात हा विषय घरोघरचा. निजाम गेला, 1954 चा इनाम रद्द करणारा कायदा आला, तरी तहसीलच्या चकरा काही संपल्या नाहीत. पोरगं दिवाळीची सुट्टी खासरा पत्रकं, म्हणजे जमिनींच्या जुन्या नोंदी, धुंडाळत बसलं. मुंतखब, म्हणजे इनामाचा अधिकृत दाखला, उर्दूत, म्हणून एका म्हाताऱ्या चाचांना रिक्षानं घेऊन जायचं, ते वाचणार, हा उतरवून घेणार. हद्दीचं उदाहरण म्हणून त्यानं आमच्याच बांधावरची चिंच घातली. वीज पडून अर्धी जळालेली.

गौरवाच्या दिवशी वाटलेली स्मरणिका चाळतोय, तर त्याला शिकवणाऱ्या सरांच्या पेपरात आमची चिंच! अर्धी जळालेली! सरांनी आमचं गाव नकाशावरसुद्धा पाहिलेलं नाही. पोराचं नाव कुठंय? आभारातसुद्धा नाही. आभार प्राचार्यांचे, संस्थाचालकांचे आणि सौभाग्यवतींचे.

अहो, वाङ्मयचौर्याचे युजीसीचे 2018 चे नियम तुम्हीच शिकवता ना? लाख-दीड लाख पगार घेता, आणि विशीतल्या पोराच्या वहीत हात घालता? प्रमोशनचे गुण हवेत तर तहसीलच्या धुळीत बसा की एक दिवस! पोरगं गप्प आहे, कारण अंतर्गत गुण तुमच्या हातात. म्हणून मी बोलतोय.

आणि चाचांच्या रिक्षाचे पैसे त्यानं खिशातून भरलेत. ते तेवढे देऊन टाका.