बोंबलाचा वास

आज सकाळी एसी बसवायला दोन पोरं आली. एसीची पिन जाडी, बेडरूममधला सॉकेट साधा, सहा अँपिअरचा. त्यातल्या मोठ्याने खिशातून कन्व्हर्टर काढला. "हा लावून देतो मॅडम, काही होत नाही. सगळीकडे असंच लावतो."

सगळीकडे! अरे बाबा, दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर खेचतो, तो तासन् तास या खेळण्यावर चालवायचा? दोघांना चहा पाजला आणि परत पाठवलं. आता घरात उकडतंय, नवरा तोंड फुगवून बसलाय, आणि मी ही पोस्ट लिहितेय.

मला त्या "काही होत नाही"ची चीडच आहे. आईकडेही काही होत नव्हतं. फ्रिजमागे एक पिवळा पडलेला मल्टिप्लग, त्यात फ्रिज आणि ओव्हन दोन्ही. दोन दिवस स्वयंपाकघरात वास. आई म्हणे, शेजारच्या मालवणी काकू बोंबील भाजतायत, यांना वारबीर काही नाही का! दोन दिवस खिडकी लावून बसली. वास आमच्याच फ्रिजमागून येत होता. प्लास्टिक तापून करपायला लागलं की कधीकधी अगदी सुकटीसारखा वास येतो, हे आम्हाला कोणाला माहीत?

तिसऱ्या दिवशी दुपारी तड् तड् आवाज, काळा धूर आणि जाळ. एमसीबी पडला नाही. पडणारही नव्हता. करंट जास्त झाला तर तो पडतो. सैल पिन आतल्या आत तापत राहिली तर त्याला काय कळणार? आणि आमचे बाबा, आयुष्यभर शिस्तीचे, बाथरूममधून भरलेली बादली घेऊन धावले. मी नुसती उभी. कामाच्या मावशी ओरडल्या, "काका, पाणी नको! आधी मेन बंद करा!" त्यांच्या वस्तीत एकदा असंच झालं होतं म्हणून त्यांना ठाऊक. मेन स्विच कुठे? चपलांच्या कपाटाच्या वर, कॅलेंडरच्या मागे. वाईट दिसतो म्हणून झाकलेला! मेन बंद केल्यावर मावशींनीच गॅलरीतल्या कुंडीची कोरडी माती ओतली. जाळ लहान होता म्हणून निभावलं. पडद्याला लागला असता तर दार ओढून घेऊन बाहेर पळायचं आणि १०१ लावायचा, एवढंच हातात होतं.

हो, मान्य, सगळ्यांना नवीन वायरिंग परवडत नाही, आणि भाड्याच्या घरात मालक खिळासुद्धा ठोकू देत नाही. पण मल्टिप्लग काढून फेकायला कुठे पैसे लागतात? गीझरला, एसीला सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट काढायला असा कितीसा खर्च येतो? मोबाइलच्या कव्हरवर जातात तेवढे... बरं, थोडे जास्त.

त्या पोरावर उगाच चढले मी. वीस-बावीसचा असेल. त्याला कोणी शिकवलंच नसेल. उद्या आमचा वायरमन येऊन बोर्डापासून थेट जाडी वायर ओढणार आहे, मग त्याच पोरांना परत बोलवेन.

ती बादली बाबांच्या हातात कितीतरी वेळ तशीच होती. पाणी हिंदकळून पायावर सांडत होतं, तरी खाली ठेवायचं सुचेना.

आईने काकूंना अजून सॉरी म्हटलेलं नाही. काकूंना मात्र सगळं कळलंय. जिन्यात भेटल्या की विचारतात, "काय गो, आज खंयचो वास येता?"