आजोबा, लक्ष्मी आणि चार बाय पाचचं निळं

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात भिंत ही रिकामी ठेवायची वस्तूच नाही. सोप्यात कुणी कुठं टांगलं जायचं हे माझ्या जन्माआधीच ठरलंय. मधोमध आजोबा. डोक्यावर फेटा, खांद्यावर गदा आणि आता फोटोग्राफरलाच चितपट करणार असा चेहरा. खासबागेत त्यांनी मारलेल्या कुस्त्यांचा विषय घरात वरचेवर निघतो, हरलेल्या कुस्त्यांची मात्र घराण्यात नोंद नाही. त्यांच्या एका बाजूला शाहू महाराज, दुसऱ्या बाजूला रविवर्मा प्रेसची लक्ष्मी. लक्ष्मीच्या खाली आजीनं काचेच्या मण्यांचं भरलेलं हरीण. एका पायाचे मणी कधीतरी ओघळले, तेव्हापासून ते तीन पायांवर उभं आहे.

हे सगळं शिसवी चौकटीत, पार तुळईखाली आणि वरून पुढं कललेलं. त्याला कारण आहे. पूर्वी माणसं बैठकीवर बसायची. खाली बसलेल्याला वरचं नीट दिसावं, काचेवर दारातला उजेड चमकू नये, म्हणून मागची दोरी ढिली सोडून चित्रं अशी झुकवायची पद्धत होती. आता झालंय असं की, सोप्यात उभं राहिलं की आजोबा अंगावर येतात. नवे जावई पहिल्यांदा आले की नकळत दोन पावलं मागं सरतात. ते एका अर्थी बरंच आहे.

आमची लेक पुण्यात इंटिरिअर डिझाइन शिकून आली, आणि आल्या आल्या तिला हे घर 'खूप जड' वाटायला लागलं. जुन्या घरात एक तरी ठसठशीत मॉडर्न चित्र पाहिजे, म्हणजे जुनं आणखी उठून दिसतं, असं तिचं म्हणणं. मी म्हणालो, "आजोबा आणि किती उठून दिसायचे?" पण तोवर टेम्पो दारात आलेला होता. चित्र तिच्या मैत्रिणीनं काढलेलं. पाच फूट रुंद, चार फूट उंच. सगळं निळं, खालून एक पिवळसर मातकट पट्टा आणि उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका. किंमत मैत्रिणीनं 'कमी करून' लावली होती. मूळ किती होती ते मी विचारलं नाही, माझी बीपीची गोळी चालू आहे.

आईनं झोपाळ्यावरून चित्राकडं पाहिलं, मग ते धरून उभ्या असलेल्या टेम्पोवाल्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आरं, उलटं धरलास काय? म्होरली बाजू दाव की!"

मग सुरू झाला उंचीचा वाद. लेकीनं टेप काढला. म्युझियममध्ये म्हणे चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर ठेवतात, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला सरळ येतो. आईला हे अजिबात पटलं नाही. "उभं कोण ऱ्हातंय? आल्यागेल्याला बसा म्हणायची पद्धत हाय आपल्यात." यावर इंटिरिअरच्या कोर्समध्ये उत्तर नसावं, कारण लेक गप्प झाली. मग तिनं झोपाळ्यावर बसलेल्या आईच्या डोळ्यांची जमिनीपासून उंची मोजायला घेतली. आई झोका थांबवायला तयार नव्हती, त्यामुळं माप दर वेळी वेगळं येत होतं.

त्यानंतर रंग. आमच्या सोप्याला कंबरेपर्यंत पिस्ता ऑइलपेंट आणि वर डिस्टेंपर. पिस्त्यावर निळं मरतं, भिंत पूर्ण ऑफ-व्हाइट पाहिजे, असा लेकीचा निकाल. पेंटरला बोलावलं. त्यानं भिंतीला टेकवून ठेवलेलं चित्र लांबूनच न्याहाळलं, तोंडानं च्यक केलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, रंगाचं ऱ्हाऊ द्या. आधी ही ओल बघा कुठनं झिरपालीय ती." त्यानं वॉटरप्रूफिंगचा आकडाही सांगितला. प्रामाणिकपणे सांगतो, चित्राच्या किमतीपेक्षा तो कमी होता.

पण खरी परीक्षा भिंतीनं घेतली. आमच्या भिंती दोन फूट जाड, पांढऱ्या मातीच्या, अधूनमधून भाजकी वीट. मिस्त्रीनं ड्रिल लावलं ते लोण्यात गेल्यासारखं आत गेलं आणि बाहेर माती यायला लागली. माती, मग भुसा, मग परत माती. गिट्टी ठोकली, ती भिंतीत गुडूप. त्याहून मोठी गिट्टी ठोकली, तीही गेली. दुपारपर्यंत खाली एवढा ढीग झाला की आईनं तुळशीच्या कुंडीसाठी घमेलंभर बाजूला काढून ठेवायला सांगितलं. मिस्त्री कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "ही भिंत खिळ्याची न्हाई साहेब, खुंटीची हाय. खुंटी भिंतीबरोबरच बसवत आणायची असती."

म्हणजे चित्रासाठी भिंत पुन्हा बांधायची. लेकीच्या चेहऱ्यावर क्षणभर तोही विचार येऊन गेलेला मी पाहिला.

शेवटी मिस्त्रीचीच नजर तुळईकडं गेली. सागवानी तुळईला, भिंतीपासून वीतभर अंतरावर, पूर्वी हंड्या टांगायच्या लोखंडी कड्या तशाच होत्या. हंड्या कधीच फुटल्या, कड्या मात्र अजून एखादं झुंबर पेलतील. आईनं माळ्यावरून झोपाळ्याच्या जादा पितळी साखळ्या काढून दिल्या. त्या तिनं का दिल्या हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक भिंतीत आणखी भोकं पडू नयेत म्हणून असेल. चित्र त्या साखळ्यांवर लटकलं, आणि लेक दोन्ही हात गालावर ठेवून म्हणाली, "बाबा, हेच तर मला पाहिजे होतं!" माझ्या आठवणीप्रमाणे तिला स्टीलची बारीक वायर पाहिजे होती.

या व्यवस्थेत एकच अडचण. पंखा तीनवर गेला की चित्र डोलतं. त्यामुळं यंदाचा अख्खा मे महिना आम्ही पंखा दोनवर ठेवून काढला. फायदाही आहे, नाही म्हणत नाही. आपल्याकडच्या पावसात मातीची भिंत ओल धरते, तिला चिकटून असलेल्या चित्राला मागून बुरशी लागते. लक्ष्मीच्या पाठीवर पिवळे डाग पडलेत ते त्यामुळंच. निळ्याच्या मागं वीतभर वारं खेळतं.

मग पाहणारे येऊ लागले. गल्लीतली बातमी महाद्वार रोडला जायच्या आत तालमीतली पोरं येऊन गेली. एकाला तो वरून पाहिलेला रंकाळा वाटला, दुसऱ्याला २०१९ चा पूर. मग काळा ठिपका म्हणजे पुरात अडकलेली म्हैस की पाण्याच्या टाकीवर बसलेला माणूस, यावर चहा गार होईपर्यंत चर्चा झाली. आमच्या हिनं मात्र चित्राला एकदाच पाहिलं आणि विचारलं, "हे पुसायचं कशानं?"

पलीकडच्या वाड्यातले निवृत्त ड्रॉइंगचे सर आले तेव्हा मी त्यांच्याकडं मोठ्या आशेनं पाहिलं. म्हटलं, हे तरी काढायला सांगतील. सर निळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि वळून माझ्यावरच घसरले. "तुम्ही या लक्ष्मीला जुनी म्हणता? अहो, रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रं आणली. एकेका रंगाला एकेक दगड वापरून छापलेली ही देवी. त्या वेळी याच्याइतकं मॉडर्न दुसरं काय होतं? आणि हे तुमचे आजोबा! फोटो म्हणजे काय परंपरा आहे होय? बाबूराव आणि आनंदराव पेंटर इथंच नाटकाचे पडदे रंगवत होते, पुढं बाबूरावांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला. चित्रकार धुरंधर १८६७ साली इथं जन्मले. आबालाल रहिमान इथल्या तळ्यांकाठी चित्रं काढत बसायचे. आणि कलापूर म्हणवणाऱ्या गावात तुम्हाला निळा रंग सोसेना?"

मी म्हणालो, "सर, सोसेना असं नाही, पण यात काय आहे ते तरी कळू दे."

"तुमच्या आजोबांच्या फोटोत काय आहे?"

"आजोबा."

सर हसले, पण हरले नाहीत. बसून चहा घेता घेता त्यांनी चित्रकार गायतोंड्यांचा विषय काढला. नागपुरात १९२४ साली जन्मले, रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन रंगावर रंग चढवायचे, त्यांच्या चित्रांत ना माणूस ना झाड, नुसता रंग आणि उजेड. त्यांचं एक चित्र २०१३ साली मुंबईतल्या लिलावात २३.७ कोटींना गेलं. आईचा झोपाळा त्या दिवशी पहिल्यांदा आपसूक थांबला. "किती म्हणालासा?" तिनं विचारलं. सरांनी आकडा पुन्हा सांगितला. त्या रात्रीपासून झोपायच्या आधी निळ्यावर आईचं जुनं इरकल लुगडं पांघरलं जातं. रविवर्म्याच्या लक्ष्मीला असली सोय कधी मिळालेली नाही.

हरणाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. लेकीच्या मते निळ्याच्या भोवती दीड फूट तरी भिंत मोकळी पाहिजे. आमच्याकडं मोकळी भिंत म्हणजे जिथं स्विचबोर्ड आहे तेवढीच. हरीण स्वयंपाकघरात न्यावं असं तिनं सुचवताच आई म्हणाली, "माझ्या सासूबाई स्वयंपाकघरात जायच्या न्हाईत. सासूबाईंच्यात राबायला मी होते." हरीण जागेवरच राहिलं. दोनतीन दिवसांनी लेकीलाच शोध लागला की हरणाच्या अंगाचा रंग आणि चित्रातला मातकट पट्टा तंतोतंत एक आहे. मग तिनं हरणाला धरूनच फोटो काढले आणि सगळीकडं पाठवले. फोटोत आजोबांची फक्त गदा आलीय.

परवा गौरी-गणपतीच्या आराशीची बोलणी चालली होती. मी आपलं सहज सुचवलं, सणापुरतं निळं खाली उतरवू. आई म्हणाली, "का? गौरीच्या मागं चांगलं दिसतंय की. पडदा विकत आणायला नको." मग लेकीला जवळ बोलावून, हळू आवाजात, मी ऐकू नये अशा बेतानं म्हणाली, "तुझ्या मैत्रिणीला सांग, असलंच एक बारकं करून दे म्हणावं. स्वयंपाकघरात लावायला. पण खाली तारखा पाहिजेत. आणि एकादशी लाल रंगात. दुधाचा हिशेब लिहायला जागा सोडायला सांग."