आजारपणाचा मुहूर्त

अमेरिकेत राहता आणि आजारी पडायचा विचार आहे? मग आधी कॅलेंडर उघडा. लग्नाला मुहूर्त लागतो, मग गुडघ्यानं काय घोडं मारलंय?

इथल्या बहुतेक विमा योजनांत डिडक्टिबल (विमा कंपनी खर्च उचलायला लागण्याआधी वर्षभरात तुम्ही स्वतः भरायची रक्कम) १ जानेवारीपासून पुन्हा पहिल्यापासून मोजतात. समजा तो ३,००० डॉलर आहे आणि त्यापुढच्या खर्चात तुमचा वाटा २० टक्के. १,८०० डॉलरचा एमआरआय डिसेंबरात काढलात आणि २३,००० डॉलरची शस्त्रक्रिया जानेवारीत गेली, तर खिशातून ८,८०० जाणार. दोन्ही एकाच वर्षात उरकलंत तर ७,३६०. एमआरआयसाठी गुडघ्यानं दोन आठवडे कळ काढली असती तर १,४४० डॉलर वाचले असते. त्याला हे वेळेवर समजावून सांगायला हवं होतं. प्रीमियम यात धरलेला नाही. तो तुम्ही ठणठणीत असलात तरी जातोच.

छातीत कळ येणार असेल तर वाहन विचारपूर्वक निवडा. २०२२ पासून 'नो सरप्रायझेस' कायदा लागू आहे. इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरचा, म्हणजे तुमच्या विमा कंपनीशी करार नसलेला, डॉक्टर भेटला तरी त्याचं वाढीव बिल तुमच्या माथी मारता येत नाही. हवाई अँब्युलन्सचंही नाही. रस्त्यावरून धावणारी साधी अँब्युलन्स मात्र या कायद्यातून वगळली आहे. तेव्हा सरळ हेलिकॉप्टर बोलवा. (काही राज्यांनी आपापले कायदे केलेत. कोसळण्यापूर्वी आपण सीमेच्या कुठल्या बाजूला आहोत, ते बघून घ्या.)

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. ते तुम्हाला लागतं की नाही, हे विमा कंपनीतला, तुम्हाला कधीही न पाहिलेला माणूस ठरवणार. याला प्रायर ऑथोरायझेशन म्हणतात. दवाखान्यातून फॅक्स जातो, तो पोचत नाही, पुन्हा जातो. मग 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही' असं पत्र येतं. पत्र आलं त्या दिवसापासून अंतर्गत अपिलाला १८० दिवस असतात. तिथंही नकार मिळाला, तर बाहेरच्या फेरतपासणीची मागणी करायला चार महिने. एक वही घाला: तारीख, वेळ, फोनवरच्या माणसाचं नाव, कॉलचा रेफरन्स नंबर. नंबर न घेता फोन ठेवलात तर तो फोन झालाच नाही असं धरा.

बिल आलं की तपशीलवार मागा आणि प्रत्येक कोड (आजार, इजा, उपचार यांना दिलेला ठरावीक क्रमांक) तपासा, कारण एक आकडा चुकला तरी क्लेम परत येतो. कोडांची चणचण मात्र नाही. बदकानं धडक दिली, पहिली भेट: डब्ल्यू६१.६२एक्सए. त्याच धडकेसाठी पुढच्या भेटीला गेलात, तर शेवटी ए नाही, डी.

नोकरी गेली तर घाबरू नका. कोब्रा कायद्यानं जुना विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो. कंपनी भरत होती तो हिस्साही आता तुम्ही भरायचा, वर २ टक्के व्यवस्थापन खर्च. पगार थांबलेल्या माणसाला याहून सोयीचं काय असणार?

आणि हे सगळं मोडून काही लोक सिंगल-पेयर मागतात. सगळ्यांचं बिल भरणारा एकच, म्हणजे नेटवर्कच्या आत-बाहेर ही भानगडच संपली. तैवाननं १९९५ मध्ये हा अविचार केला. कॅनडात तर त्याआधीपासून हॉस्पिटल आणि डॉक्टरचं बिल प्रांताचं सरकार भरतं. तिथं गुडघा बदलायला महिनोन्महिने रांगेत थांबावं लागतं, हे खरंच. पण थांबलेल्या माणसाला डिसेंबर की जानेवारी, हा हिशोब करता येत नाही. मग त्यानं वेळ घालवायचा कसा?

अमेरिकेतही ही खोड आहे. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर या सरकारी विम्याच्या कायद्यावर सही केली आणि ६५ वर्षांवरच्यांची जबाबदारी सरकारनं घेतली. म्हणून शेवटचा सल्ला: मोठे आजार तोवर थोपवून धरा. नावनोंदणीची खिडकी सात महिने उघडी असते: ६५ व्या वाढदिवसाचा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन. ती चुकली आणि नोकरीचा विमाही नसला, तर पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) घ्यायला लागलेल्या उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे प्रीमियम १० टक्क्यांनी चढतो आणि सहसा जन्मभर चढलेलाच राहतो. वही तेव्हाही लागेल, टाकून देऊ नका.