निपाणीच्या वाचकांना उत्तर : गुलाबी यीस्ट आणि ‘कंपाउंडर’

‘ऱ्होडोटोरुला’ या गुलाबी यीस्टच्या, म्हणजे एका बुरशीच्या, संसर्गावरच्या माझ्या लेखाखाली निपाणीच्या एका वाचकांनी लिहिलंय : ‘दुर्मिळ, दुर्मिळ म्हणून लोकांना गाफील ठेवताय. पेशंट दगावतात यानं. लेख कंपाउंडरनं लिहिल्यासारखा वाटतो. औषधांवर तर दोनच ओळी. फोटोही भडक.’

फोटो भडक आलाय, मान्य. मोबाईलचा कॅमेरा पोवळ्याच्या रंगाची कॉलनी (प्लेटवर वाढलेला यीस्टचा ठिपका) पार गुलकंदी करून टाकतो.

आता कंपाउंडर. साहेब, हा शब्द तुम्ही शिवी म्हणून वापरलात. कणकुंबीकडं पावसात पूल पाण्याखाली गेला की गावाला डॉक्टर नाही, कंपाउंडरच दिसायचा. माझे वडील त्यातलेच. मी स्वतः बेळगावात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये निवृत्त होईपर्यंत कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या, प्लेटा वाचल्या. साबुरो अगारवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या थरावर, तिसऱ्या दिवशी उगवलेली ती ओलसर, चकाकणारी कॉलनी तुम्ही कधी झाकण उचलून बघितलीय का? नसेल तर आवाज जरा खाली घ्या.

ती दिसली म्हणून आम्ही लगेच रिपोर्ट टाईप करत नसू. ही यीस्ट हवेत असते, मातीत असते, न्हाणीघराच्या ओल्या पडद्यावर आणि टूथब्रशवरसुद्धा. थुंकीत एकदा सापडली म्हणजे आजार झाला असं नव्हे. रक्तात आली की मात्र आधी वॉर्डला फोन : पेशंटला सेंट्रल लाईन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, आहे का? किमो चालू आहे का? कारण रक्तातला हिचा संसर्ग बहुधा त्या नळीवाटेच होतो. मग कल्चरसाठी रक्ताच्या नमुन्याची दुसरी बाटली मागवायची. एकदा रात्री एका तरुण डॉक्टरनं ‘कंटॅमिनेशन असेल हो’, म्हणजे यीस्ट बाहेरून नमुन्यात पडली असेल, म्हणून फोन आपटला. मी परत लावला. कंपाउंडरचंच काम की हो हे!

दुर्मिळ म्हटलं ते चालत्याफिरत्या माणसाला, आयसीयूतल्याला नव्हे. लेखात तसं लिहिलंय, वाचायचे कष्ट घ्या. राहिली बुरशीवरची औषधं. फ्लुकोनाझोल हिच्यावर चालत नाही, कॅस्पोफंजिनही नाही. अँफोटेरिसिन-बी चालतं, आणि शक्यतो नळी काढावी लागते. दोन ओळींत मावतं म्हणून दोनच ओळी. डोस माझ्याकडं मागू नका, डॉक्टरांना विचारा.

यापुढं मुद्द्यावर लिहाल तर उत्तर देईन. पुन्हा कंपाउंडर काढलात तर प्रतिक्रिया उडवणार.